बातमीतली जमात

आज जालन्यात जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून वार्ताहर आलेत, आणि पारधी, भिल्ल वस्त्यांवरच्या माय-माउली मजुरी बुडवून आल्यात.

तीस वर्षांपूर्वी मी तालुक्याचा वार्ताहर होतो. एका चोरीच्या बातमीला मी मथळा दिला, 'पारधी टोळी जेरबंद'. पकडलेल्यांतले दोघं पुढे निर्दोष सुटले. ती बातमी मी दिलीच नाही. माझ्या जातीची पोरं पकडली असती, तर जात मथळ्यात घातली असती का? नसती घातली. त्या कातरणाकडे बघताना आजही मान खाली जाते.

हा मथळा काही मी शोधला नव्हता. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्माला येतानाच माणसाच्या कपाळी गुन्हा लिहिला. ठाण्यात हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला. आपण मात्र लिहीत राहिलो.

आणि लिहितो तेही धड माहिती न घेता. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, राजपारधी विमुक्त जातींत. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणाऱ्या बापाला हा फरक पाठ असतो, आपल्याला नसतो. पारध्यांची घरातली बोली गुजरातीला जवळची आहे. तिला 'चोरांची सांकेतिक भाषा' म्हणणारे लोक मी ऐकलेत.

भोकरदनकडच्या एका पारधी वस्तीवर एका आजोबांनी मला तितर धरायचे फासे दाखवले होते. बारीक काड्यांना बांधलेले, ओळीनं रोवायचे. मग त्यांनी ओठ आवळून तितराचा आवाज काढला, आणि नाल्यापलीकडून खरोखरीचा तितर बोलला. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ही विद्या गुन्ह्यात जमा झाली. पोटासाठी दुसरं काय हाती दिलं, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेलं?

कुणी स्वतःला आदिवासी म्हणवतो, कुणी नुसतं पारधी, कुणी भिल्ल. विचारावं आणि तेच लिहावं. गुन्ह्याच्या बातमीत मात्र आरोपीचं नाव असतं, वय असतं. तिथं जमातीचं काम नाही.

माझं ते कातरण, नावं झाकून, दाराशी टेबलावर ठेवलंय. शेजारी कोरे कागद आहेत. चहाच्या आधी प्रत्येकानं त्या बातमीला नवा मथळा लिहावा. पहिल्या सत्रात वस्तीवरच्या ताई ते वाचतील आणि कुठला चालेल ते सांगतील.