नाव गाळलेला निकाल



२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडलं, त्याबद्दल दोन पोलिसांवर खटला चालला. बलात्काराची तक्रार एका आदिवासी मुलीची होती. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, यावर त्या निकालाचा भर होता.

निकाल छापला गेला, कायद्याच्या ग्रंथालयांत पोचला. म्हणून तर वर्षभराने चार प्राध्यापकांना तो ओळ न् ओळ तपासता आला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. धाकापुढे गप्प राहणं आणि संमती देणं यातला फरकच न्यायालयाने पाहिला नाही, असं त्यांनी स्पष्ट सुनावलं. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. ते निकालपत्र बासनात गुंडाळून ठेवलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि त्या मुलीच्या वाट्याला काय आलं? खटल्याच्या शीर्षकात एका पोलिसाचं नाव आहे, पण वर्गात, पुस्तकांत, सभांत तो खटला ओळखला जातो मुलीच्या नावाने. देशाला कायदा मिळाला आणि तिचं नाव कायमचं चव्हाट्यावर राहिलं. या भाषणात ते नाव येणार नाही.

१९८३ च्याच दुरुस्तीने लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवला. दंड संहितेतलं ते कलम २२८ अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ म्हणून आलं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूदही त्याच वर्षीची.

ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. गावाचं नाव, इयत्ता, वडिलांचा धंदा, एवढं छापून आलं की तालुक्याला काही विचारावं लागत नाही. २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआत बलात्कार करून ठार मारलेल्या लहान मुलीचं नाव आणि छायाचित्र सर्रास दाखवलं गेलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक वृत्तसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओळख पटवणारा कोणताही तपशील नको, पीडित व्यक्ती हयात नसली तरीही नको. सज्ञान स्त्रीने स्वतःच्या इच्छेने पुढे यायचं ठरवलं, तर तो तिचा अधिकार.

या निकालातली सर्वांत कामाची सूचना मात्र साधी, कारकुनी आहे. पोलिसांनी नाव असलेले कागद सीलबंद पाकिटात ठेवावेत आणि लोकांच्या नजरेला पडू शकणाऱ्या दप्तरात नाव गाळलेल्या तशाच प्रती लावाव्यात. म्हणजे दप्तर बंद करायचं नाही, फक्त व्यक्ती झाकायची. निकाल खुला ठेवायचा की व्यक्तीची ओळख जपायची, हा वाद नेमका इथे सुटतो.

मुंबईचं शक्ती मिल प्रकरण आठवावं. ऑगस्ट २०१३ मध्ये एका तरुणीवर झालेल्या सामूहिक अत्याचाराची बातमी सगळीकडे आली, तिचं नाव आलं नाही. ती बातमी वाचून दुसरी एक तरुणी पोलिसांकडे आली. त्याच ओसाड गिरणीत जुलैअखेर आपल्यावरही असाच प्रसंग गुदरल्याचं तिने सांगितलं. दोन्ही खटले चालले, २०१४ मध्ये शिक्षा झाल्या, तीन आरोपींची फाशी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली आणि त्यावर जाहीर चर्चाही झाली. बातमी दाबली असती, तर ती दुसरी तरुणी पुढे आली असती का? आणि पहिलीचं नाव छापलं असतं, तर दुसरीला पुढे येण्याचं धैर्य झालं असतं का?

झाकपाक कधी गरजेपेक्षा लांब जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याखालील प्रकरणांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२१ मध्ये नियम घालून दिले. त्यांत नावांऐवजी अक्षरं वापरणं योग्यच होतं. पण आदेश संकेतस्थळावर टाकायचे नाहीत आणि पक्षकारांनी, वकिलांनी मजकूर माध्यमांना सांगायचा नाही, असंही त्यांत होतं. हेतू चांगला असेल. पण अशाने एखाद्या कंपनीच्या समितीने तक्रार कशी हाताळली, न्यायालय त्यावर काय म्हणालं, हे पुढच्या तक्रारदार बाईला कुठून कळणार? तिला त्या निकालाची गरज सर्वांत जास्त.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, त्यातून लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळली. ते रास्त होतं, कारण एफआयआर म्हणजे खटल्याची पहिली पायरी, त्यात पत्त्यासकट सगळं असतं. निकालपत्राची गोष्ट वेगळी. त्यात न्यायाधीश आपली कारणं देतात आणि ती तपासायचा हक्क लोकांचा आहे. तेव्हा जिल्हा न्यायालयाचा निकाल संकेतस्थळावर जाण्याआधी कुणीतरी तो शेवटपर्यंत वाचायला हवा. पहिल्या पानावर ‘पीडिता’ आणि अकराव्या पानावर साक्षीदार म्हणून आईचं पूर्ण नाव, शाळेचा दाखला, गावाची वाडी, असं राहून गेलं तर पहिल्या पानावरची काळजी वाया गेली. हे वाचन कुणाच्या कामात धरायचं, त्यासाठी किती वेळ द्यायचा आणि चूक सापडली तर ती प्रत त्याच दिवशी कुणी उतरवायची, हे प्रत्येक न्यायालयाने लेखी ठरवून द्यायला हवं.