बेघरांचा निवारा कुठे व्हावा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला ‘घर’ हा विषय दिला. आपल्या पंचवीस वर्षांचं कौतुक बाकीचे वक्ते करतीलच. मी ज्यांना घर नाही त्यांच्याविषयी बोलतो. थोडक्यात आटोपतो, जेवण गार होऊ देणार नाही.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. बेघर म्हणजे कोण? रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या मांडवात राहणारे. आणि जिन्याखाली राहणारेसुद्धा, बरं का. देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार निघाले, त्यातले २ लाख १० हजार आपल्या महाराष्ट्रात.

तुम्ही म्हणाल, सरकारच्या घरकुल योजना आहेत की! आहेत. पण त्या कुणापर्यंत पोचतात ते बघा. नेहरू अभियानात महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या शहरांची निवड झाली त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या रांगेत आपलं नांदेड होतं. २००८ च्या गुरुता गद्दी सोहळ्याआधी शहराचा चेहरा बदलला आणि वस्त्यांमध्ये, झोपडीच्या जागीच, पक्की घरं उभी राहिली. काम चांगलं होतं. पण त्यासाठी आधी झोपडी असावी लागते. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान मिळत होतं, त्याला स्वतःची जागा लागत होती. फलाटावर झोपणाऱ्या माणसाकडे ना झोपडी, ना जागा. अर्जात पहिला रकाना पत्त्याचा, तिथेच त्याचं गाडं अडतं.

आपणही घर मिळवलं ते कागदावरच. त्या काळी सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागत. मग नोंदणी, एनए, भागदाखला. ज्याच्याकडे सही करायला दुसरी नऊ माणसं नाहीत, त्यानं काय करावं?

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, म्हणून किल्लारीचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. पुनर्वसनात घराचा आकार जमिनीवर ठरला: मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट, मधल्याला ४००, भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५०. ही प्रतवारी मला कधी पटली नाही. पण भूमिहीनाला नाही म्हटलं नाही, हेही खरं. आपल्याच भागात सरकारनं जमीन नसलेल्याला जागेसकट घर दिलेलं आहे. तेव्हा हे होत नसतं असं कुणी सांगू नये.

शहरातल्या बेघरासाठी निदान रात्रीचा निवारा हवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये त्यात लक्ष घातलं, आणि २०१३ मध्ये आलेल्या नागरी उपजीविका अभियानात नियमच होता: लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट. नांदेडची लोकसंख्या २०११ मध्ये साडेपाच लाख होती, लातूरची पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे नांदेडला पाच आणि लातूरला तीन-चार. पैशाचा मोठा भाग केंद्र आणि राज्य देत होतं.

मग घोडं पेंड कुठं खातं? नोकरीमुळे मी सर्वसाधारण सभा पुष्कळ पाहिल्या. बेघरांच्या निवाऱ्याला विरोध करणारा सदस्य मी पाहिला नाही. सगळे म्हणतात, झालाच पाहिजे. जागेचा विषय निघाला की मात्र एकेक उठतो: आमच्या प्रभागात शाळा आहे, आमच्याकडे महिला संध्याकाळी फिरायला जातात, आमच्याकडे जागाच नाही. शेवटी गावाबाहेर, जिथं ऑटोसुद्धा जात नाही असा एखादा भूखंड सुचवला जातो. पहाटे मोंढ्यात पोती उचलणारा हमाल तिथं झोपायला जाईल का? योजनेतच लिहिलंय की निवारा स्टेशन, बसस्टँड, बाजार यांच्या जवळ हवा.

या सदस्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्या फायलीत पत्रं असतात ती तुमच्या-माझ्यासारख्यांची, सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. बेघराचं एकही पत्र त्या फायलीत नसतं.

परगावच्या माणसाची भीती म्हणाल, तर लातूरकडे बघा. शिकायला येणाऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली वसतिगृहं आहेत, आणि कुणी हरकत घेत नाही. भाडं देणारा परका लवकर आपला होतो! आणि नांदेडात सचखंडच्या लंगरात रोज हजारो माणसं जेवतात, पंगतीत कुणी कुणाला पत्ता विचारत नाही.

आता दोन मागण्या करतो आणि बसतो. पहिली, आपल्या वॉचमनचं कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहतं. जनगणनेची व्याख्या मघाशी ऐकलीतच. पार्किंगमागच्या स्टोअरला खिडकी आणि संडास जोडून दिला तर खर्च किती येईल, याचा अंदाज खजिनदारांनी काढावा.

दुसरी, आपण स्टेशनपासून लांब नाही. उद्या या प्रभागात निवाऱ्याची जागा ठरली आणि हरकती मागवणारी नोटीस आली, तर कमिटीनं परस्पर पत्र देऊ नये. विषय सर्वसाधारण सभेत आणावा. विरोधाचं पत्र तयार करायला दहाजण पुढे येतील. बाजूनं लिहायचं पत्र मी घेऊन येईन, त्यावर सह्या कोण करणार ते आजच जेवताना मला सांगा.