डब्यातले जहाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनी आपल्यापैकी कोणीतरी आपल्या हौसेविषयी चार शब्द सांगते. मागच्या वर्षी लोणच्यांवर भाषण झाले, त्याच्या आधल्या वर्षी क्रोशाच्या विणकामावर. यंदा चिटणीसबाईंनी मला न विचारताच माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातून माझी हौस अशी, की सांगितली तर लोक आधी हसतात. मी जहाजे बांधते. प्लास्टिकची, डब्यातून सुटी मिळतात ती.

हे मुलांचे खेळणे आहे असे आमच्या जाऊबाई म्हणतात. पण खेळण्यातले जहाज कसेही असते. हे जहाज मापात असते. खऱ्या जहाजाची प्रत्येक लांबी, रुंदी, उंची सहाशेने भागायची. म्हणजे ३७२ फुटांचे जहाज सुमारे साडेसात इंचांचे होते आणि त्यावर उभा राहिलेला सहा फुटी माणूस अर्ध्या तांदळाएवढा. काही कंपन्या सातशेने भागतात, काही साडेतीनशेने. भागाकार मला सातवीत येत होता, तेवढा पुरला. डब्यात जो कागद असतो त्यावर चित्रे आणि आकडे. इंग्रजी आले नाही तरी अडत नाही.

हा उद्योग माझ्या मागे लागला तो आमच्या अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. १९६६ साली, अठरा वर्षांचे असताना, ते माझगाव गोदीत वेल्डिंगच्या कामाला शिकाऊ म्हणून लागले. त्याच वर्षी तिथे ‘नीलगिरी’ या युद्धनौकेची कील घातली गेली. इंग्रजांच्या ‘लिअँडर’ जातीच्या फ्रिगेटच्या नमुन्यावर आपल्या देशात बांधलेले ते पहिलेच जहाज. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते पाण्यात सोडले आणि १९७२ साली ते नौदलात दाखल झाले. पुढे त्याच्या पाठोपाठ हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी अशी पाच भावंडे १९८१ पर्यंत झाली. अण्णांनी सगळ्यांवर काम केले. पण पहिल्या लेकराचे कौतुक वेगळेच असते, नाही का?

आमच्या चाळीत एक शेजारी बोटीवर नोकरीला होते. त्यांनी १९७८ च्या सुमारास विलायतेहून अण्णांसाठी एक डबा आणला. एअरफिक्स कंपनीचा, आत ‘लिअँडर’चे सुटे भाग. ही कंपनी १९३९ साली लंडनला निघाली, आधी फुगवायची रबरी खेळणी करी, मग फण्या. जहाजाचा पहिला संच तिने १९५२ साली काढला, ‘गोल्डन हाइंड’ नावाच्या शिडाच्या जहाजाचा. असो. अण्णांनी तो डबा उघडून पाहिला, प्रत्येक तुकडा हाताळला, आणि पुन्हा बंद करून माळ्यावर ठेवला. “निवांतपणी करीन, घाईत बिघडेल,” म्हणाले. आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी होती. दिवाळीच्या साफसफाईला तो खाली यायचा, पुसला जायचा आणि परत वर जायचा. अशी किती दिवाळ्या गेल्या!

२००८ साली अण्णा निवृत्त झाले. निवांतपणा आला, पण त्याच सुमारास हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीवर वाजायचा. मग डब्याचे नाव कोणी काढले नाही.

आई गेल्यावर, २०२३ साली, ते आमच्याकडे राहायला आले. सामानात तो डबा होता. दिवसभर गॅलरीत बसून राहायचे, बोलणे नाही. एका दुपारी मीच म्हटले, “अण्णा, तुम्ही सांगा, मी करते.” ते म्हणाले, “बाय, तुला जमायचं नाही.” मला तेवढे पुरे झाले.

आता काम कसे चालते ते सांगते. झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे सगळे तुकडे प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लागलेले असतात. ते हाताने तोडायचे नाहीत. ओरबाडले जातात. नखे कापायच्या नेलकटरने तोडायचे, उरलेला काटा ब्लेडने तासायचा, मग बारीक पॉलिश पेपर. जो तुकडा लावायचा तोच तोडायचा, नाहीतर आकडा कोणाचा ते कळत नाही. मी पहिल्याच दिवशी हुशारी करून सगळे तोडून वाटीत भरले आणि मग आठ दिवस चित्राशी जुळवत बसले. एक तुकडा केरात गेला तो गेलाच.

माझी समजूत होती की हे चिकटवायचे काम. अण्णा म्हणाले, तसे नव्हे. हा जो पातळ सिमेंट मिळतो तो डिंकासारखा मध्ये बसत नाही. तो दोन्ही कडा वितळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. “हे वेल्डिंगच आहे, फक्त आच नाही.” ते बोलले आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली. हा सिमेंट उघड्या खिडकीपाशीच वापरावा. वास डोक्यात जातो.

जहाजाचे अंग दोन अर्ध्या भागांत असते, डावे आणि उजवे. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी एक भाग वाकला होता. मी तो कोमट पाण्यात धरून सरळ केला, दोन्ही जोडले, रबरबँड आणि कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवले. तरी सांध्याची रेघ दिसायची. लांबी भरली, घासले, दाखवले. अण्णांनी नुसता अंगठा फिरवला आणि परत दिले. पुन्हा घासले. पुन्हा परत. तिसऱ्यांदा मला रडूच आले. स्वयंपाक व्हायचा होता, ह्यांची यायची वेळ झाली होती, आणि इकडे मी जहाज घासत बसलेली. त्या घाईत सिमेंट सांडला, आणि ओल्या सिमेंटवर माझाच अंगठा पडला. डाव्या बाजूला, पाण्याच्या रेघेच्या जरा खाली, माझ्या अंगठ्याच्या रेषा प्लास्टिकमध्ये उमटल्या.

चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षे जपलेली वस्तू मी एका क्षणात बिघडवली. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही डबा आवरून कपाटावर टाकला.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना ते आपणहून बोलू लागले. नीलगिरीच्या तळाशी, दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत, जिथे माणूस धड बसूही शकत नाही, तिथे त्यांना काम दिले होते. आत भट्टीसारखे तापायचे. एक जोड त्यांनी घाईने ओढला. तपासणीला जोडाचा एक्स-रे काढतात, त्यात आत पोकळी दिसली. सगळा जोड कापून काढून पुन्हा करायला लावला. “वरचा माणूस ओरडला नाही, बाय. नुसता बोट दाखवून गेला. ते बोट अजून दिसतं.” एवढ्या वर्षांत हे त्यांनी आईलाही सांगितले नव्हते. आम्हाला बाप कुठे कामाला जातो ते ठाऊक होते, तिथे काय करतो ते नव्हते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. १९९७ च्या एप्रिलमध्ये एका रात्री अण्णा कोणाशी न बोलता जेवून झोपले होते. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आम्हाला वाटले, कामावर काही झाले असेल. नीलगिरी १९९६ मध्ये सेवेतून निवृत्त झाली होती, आणि त्या एप्रिलमध्ये नौदलाने क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी तिला निशाण म्हणून वापरून समुद्रात बुडवले. जुन्या युद्धनौकांचे असे करतात, जगभर करतात, त्यात गैर काही नाही, हे अण्णाच मला समजावत होते. समजावताना कप बशीवर जरा जास्तच वाजत होता.

मी डबा पुन्हा खाली काढला. अंगठ्याचा ठसा घासू लागले, तर म्हणाले, “तो राहू दे. पाण्याखाली आहे, कोणाला दिसतो?”

पुढचे काम सोपे गेले. डोलकाठीच्या तारांसाठी दोरा जाड दिसतो. चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की आचेवरून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायची, केसासारखी तार निघते. एकतारी पाक ओळखणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. मागच्या डोलकाठीवर खाटेच्या जाळीसारखे मोठे रडार आहे, ते बसवायला मात्र चार दुपारी गेल्या. इंग्रजी जहाजाचा क्रमांक एफ १०९, तो मी वापरला नाही. नीलगिरीचा ३३, तो एका केसाच्या कुंचल्याने काढला. लिअँडरवर वास्प नावाचे चार चाकांचे हेलिकॉप्टर असे, आपल्या जहाजावर चेतक, त्याला तीन चाके. एवढ्याशा वस्तूची चाके कोण मोजणार? पण अण्णांना तीनच हवी होती.

तेव्हापासून माझ्याकडे डबे जमू लागले. जुनेपाने विकणाऱ्यांकडे कधी कधी मिळतात. सध्या ‘कटी सार्क’ आहे, आणि ‘एजॅक्स’ ही क्रूझर. तिचीही जात लिअँडरच, पण १९३० नंतरच्या दशकातली. नावाच्या सारखेपणाने मी आधी फसलेच. एजॅक्सची बहीण ‘अकिलिस’ १९४८ साली आपल्याकडे येऊन आय.एन.एस. ‘दिल्ली’ झाली, आणि १९५६ च्या एका इंग्रजी चित्रपटात तिने स्वतःच्याच जुन्या नावाने काम केले. म्हणून तो डबा घेतला. हे विचारतात, अजून किती? मी नियम केला आहे, घरात बंद डबे दोनच. तिसरा हवा असेल तर आधी एक बांधून व्हायला हवा.

१५ जानेवारी २०२५ रोजी माझगाव गोदीतच बांधलेली नवी ‘नीलगिरी’ मुंबईत नौदलात दाखल झाली. अण्णा दूरदर्शनसमोर बसले होते, आमची नीलगिरी मांडीवर घेऊन. “लांबी किती म्हणतात?” त्यांनी विचारले. १४९ मीटर. मी वाणसामानाच्या वहीच्या मागे भागाकार केला. आपल्या मापात सुमारे पावणेदोन मिलिमीटर कमी पंचवीस सेंटिमीटर झाले असते, आपली एकोणीसचीसुद्धा भरत नाही. अण्णांनी मांडीवरच्या जहाजापुढे हवेत बोटाने उरलेली लांबी मोजली. बोट थरथरत होते, पण माप बरोबर होते.

जहाज मी आज बरोबर आणले आहे, त्या टेबलावर ठेवले आहे. भाषण झाल्यावर अवश्य पाहा. उचलायचे झाले तर खालून धरा, डोलकाठीला हात लावू नका. डाव्या बाजूचा ठसा कोणाला पाहायचा असेल तर मी स्वतः वळवून दाखवीन.