पडण्याचा हक्क
(रविवारच्या सामुदायिक वंदनेनंतर भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मला कुस्तीवर बोलायचे आहे असे मी कळवले, तेव्हा आपल्या चिटणीसांच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य मी पाहिले. त्यातून ही कुस्ती कोल्हापूरच्या लाल मातीतील नव्हे. ती अमेरिकेतील, दोरखंडांनी आखलेल्या चौकोनात, दिव्यांच्या झगमगाटात होणारी आणि जिचा निकाल अगोदरच ठरलेला असतो अशी. या खेळाशी आपला काय संबंध, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. परंतु गेल्या महिन्यात माझ्या नातीने मला जे विचारले त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. आणि जे आपल्याला एकट्याला सुचत नाही ते चारचौघांपुढे मांडावे, ही सवय आता आपल्या सर्वांच्याच अंगवळणी पडली आहे.

ती मोबाइलवर एक जुनी कुस्ती पाहत बसली होती. एक धिप्पाड स्त्री रिंगणात उतरली आणि सारे प्रेक्षागृह तिची हुर्यो उडवू लागले. नातीने विचारले, “आजोबा, ह्या नायला रोझ. ह्या पारलिंगी आहेत. लोक जो आरडाओरडा करताहेत तो ह्या खेळातल्या खलनायिका आहेत म्हणून, की पारलिंगी आहेत म्हणून?”

पारलिंगी हा शब्द काहींना नवा असेल. जन्माच्या वेळी इतरांनी मुलगा ठरवलेली, परंतु स्वतःला स्त्री म्हणून जाणणारी आणि तशीच जगणारी व्यक्ती, किंवा त्याच्या उलट, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे तृतीयपंथी म्हणून जो समाज ओळखला जातो त्यातील पुष्कळजण या शब्दात सामावतात.

आता वडीलधाऱ्या मंडळींनी दारासिंग आणि किंगकाँग यांचे दिवस आठवावेत. मुंबईत या फ्री-स्टाईल कुस्त्यांना अलोट गर्दी लोटत असे. १९६८ साली दारासिंग यांनी मुंबईतच लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हाचा जल्लोष माझ्या वडिलांनी कितीदा वर्णन करून सांगितला आहे! त्या गर्दीला काही ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. किंगकाँगने डोळे वटारून मुठी आवळल्या की लोकांनी ओरडायचे, आणि लोक ओरडले की त्याने आणखी चेकाळायचे, असा तो परस्परांचा करार होता. या खेळात एक मल्ल सज्जनाची भूमिका घेतो, दुसरा दुर्जनाची. दुर्जनाला जितकी हुर्यो मिळेल तितकी त्याच्या कलेची पावती. निकाल ठरलेला असला तरी आपटणे खोटे नसते. पाठ खरी, फळ्या खऱ्या आणि मोडणारी हाडेही खरीच. प्रेक्षक हा येथे पाहुणा नसून तिसरा खेळाडू आहे. त्याच्या आवाजावाचून हा खेळ उभाच राहू शकत नाही.

म्हणूनच माझ्या नातीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ओरडणे हा जेथे प्रेक्षकांचा धर्म आहे, तेथे कोणते ओरडणे अधर्म?

नायला रोझ यांची हकिकत थोडक्यात सांगतो. त्या वॉशिंग्टन शहरच्या, कृष्णवर्णीय आणि अमेरिकेतील मूलनिवासी ओनायडा या दोन्ही समाजांचा वारसा सांगणाऱ्या. वर्षानुवर्षे त्यांनी लहानसहान स्वतंत्र संस्थांच्या रिंगणात घाम गाळला. २०१९ साली ऑल एलिट रेसलिंग या नव्या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि १२ फेब्रुवारी २०२० रोजी टेक्सास राज्यात रिहो या जपानी मल्लाला हरवून त्या त्या कंपनीच्या महिला अजिंक्यवीर झाल्या. अमेरिकेतील मोठ्या कंपनीचे असे पद उघडपणे पारलिंगी असलेल्या व्यक्तीला त्यापूर्वी मिळाले नव्हते. त्यांची भूमिका मुख्यतः दुर्जनाची. टोपणनावातच ‘बीस्ट’, म्हणजे श्वापद, हा शब्द. प्रतिस्पर्ध्याला उचलून लाकडी टेबलावर आदळणे ही त्यांची खासियत. अशा मल्लाची हुर्यो उडवली नाही तर तो त्यांचा अपमानच ठरेल! परंतु त्यांना पद मिळाल्यावर रिंगणाबाहेर जो गलिच्छ मजकूर लिहिला गेला, त्यात त्यांच्या दुर्जनपणाविषयी अवाक्षर नव्हते. त्या स्त्री आहेत की नाहीत, एवढाच त्याचा विषय होता. एका हुर्योला उत्तर म्हणून मल्ल दात विचकतो आणि खेळ रंगतो. दुसऱ्या हुर्योला रिंगणात उत्तरच नसते, कारण ती खेळाला उद्देशून नसते.

हा फरक प्रेक्षकांना फार पूर्वीपासून सतावत आला आहे. वेल्समधील ब्रिनमॉर या गावी एका खाणकामगाराच्या पोटी १९४० साली जन्मलेले एड्रियन स्ट्रीट तरुणपणी मल्ल झाले. सोनेरी केस आणि भडक पोशाख पाहून लोक टवाळी करू लागले, तेव्हा चिडण्याऐवजी त्यांनी रंगरंगोटी आणि नखरा आणखी वाढवला. लोक अधिक चिडले आणि तिकिटे अधिक खपली. १९७३ सालचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. खाणीच्या तोंडाशी कोळशाने काळवंडलेले वडील, आणि शेजारी झगमगीत पोशाखात, चेहरा रंगवलेला मुलगा. ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिलो. स्ट्रीट यांनी टवाळीचे भांडवल केले हे खरे. परंतु रंग पुसून घरी गेल्यावर ते रूढ अर्थाने पुरुषच होते. त्यांची पत्नी त्यांच्यासोबत रिंगणात येत असे. ज्याला रंग पुसता येतो त्याने टवाळी झेलणे वेगळे, आणि ज्याचा तो रंगच नव्हे, ज्याचे ते अस्तित्व आहे, त्याने झेलणे वेगळे.

मेक्सिकोतील कुस्तीत अशा नखरेल मल्लांचा ‘एक्झोटिको’ नावाचा एक स्वतंत्र वर्गच आहे. सरहद्दीवरील एल पासो शहरात १९७० साली जन्मलेले सॉल आर्मेंदारिझ हे ‘कासांद्रो’ या नावाने त्या वर्गात आले. ते पारलिंगी नव्हेत, समलिंगी पुरुष आहेत, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. प्रेक्षक एकीकडे शिव्या देत आणि दुसरीकडे ‘बेसो, बेसो’ म्हणून त्यांनी प्रतिस्पर्ध्याचे चुंबन घ्यावे असा हट्ट धरीत. १९९१ च्या जानेवारीत त्यांना मेक्सिकोच्या लाडक्या सांतो या मल्लाच्या मुलाशी लढण्याची संधी मिळाली. असल्या माणसाला हा मान कशासाठी, म्हणून मल्लांमध्ये आणि रसिकांमध्ये गहजब उडाला. लढतीच्या आठवडाभर आधी कासांद्रो यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ते वाचले आणि ठरल्या दिवशी रिंगणात उतरले. त्या दिवशी त्यांची हार झाली, परंतु ते असे लढले की लोकांना त्यांच्यातील मल्ल दिसला. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, त्यांनी हलक्या वजनगटाचे जागतिक पद जिंकले. पुढे व्यसनाने त्यांना ग्रासले आणि २००३ पासून त्यांनी ते सोडले, हेही सांगितले पाहिजे. जागतिक पद मिळाले म्हणून आतली जखम भरून निघत नाही.

आता त्या लहान, स्वतंत्र खेळांकडे वळतो, कारण नातीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तेथे सापडले. मोठ्या कंपनीच्या छत्राखाली नसलेले हे खेळ शाळेच्या व्यायामशाळेत, एखाद्या सभागृहात, कधी मद्यालयाच्या आवारात होतात. रिंगण ट्रकमधून येते. पुष्कळदा मल्लच ते उभारतात आणि खेळ संपल्यावर मोडतात. शेकडो मैलांचा प्रवास करून मिळणारी बिदागी तुटपुंजी, म्हणून मध्यंतरात स्वतःच्या नावाचे सदरे आणि छायाचित्रे विकायची. आपले तमाशाचे फड ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. अशा खेळांतून पारलिंगी मल्लही आता स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहत आहेत. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २०१० साली सुरू झालेला ‘हूडस्लॅम’ हा खेळ ज्यांनी उभा केला त्या ‘डार्क शीक’ स्वतः पारलिंगी आहेत.

असा खेळ नेहमी सुरळीत पार पडतो काय? मुळीच नाही. कोणी मल्ल येतच नाही, पडदा तासभर उशिरा उघडतो, दिवे जातात, पैसे अपुरे पडतात आणि संयोजकांत तंटे होतात. एखादा डाव चुकतो आणि दोघेही भलतीकडेच आदळतात. डाव चुकला की अमेरिकेतील प्रेक्षक ‘तू घोटाळा केलास’ अशा अर्थाचा एक शिवराळ घोष तालावर सुरू करतात, आणि रंगला की ‘हे अप्रतिम आहे’ असा घोष करतात. हे दोन्ही घोष तेथे कोणाच्याही वाट्याला येतात.

परंतु समजा, तो खेळ पारलिंगी मल्लांचा म्हणूनच जाहीर झाला असेल आणि तो फसला, तर काय होते? एक प्रेक्षक म्हणतो, “हे लोक असेच. यांच्याने काय होणार?” दुसरा पहिल्यासारखा नसतो, तो हितचिंतक असतो. डाव चुकला तरी तो टाळ्या वाजवतो, रडवेला होऊन धैर्याची स्तुती करतो, आणि घरी गेल्यावर कबूल करतो की खेळ टाकाऊ होता. तिसरा मात्र दाराशी उभ्या मल्लाला गाठून म्हणतो, “ताई, तुमचा दुसरा डाव उशिरा सुरू झाला आणि पैसे देऊन आम्ही तासभर ताटकळलो, हे बरे नाही.” या तिघांपैकी कोणी त्या मल्लाला बरोबरीच्या माणसासारखे वागवले?

हा प्रश्न विचारताना मला माझी शाळा आठवते. स्नेहसंमेलनाच्या नाटकात आम्ही दोघे मुले वाक्य विसरलो. एक मी आणि दुसरा गावच्या सावकाराचा मुलगा. त्याच्याविषयी गुरुजी म्हणाले, “बिचारा घाबरला.” माझ्याविषयी ते म्हणाले, “यांना नाटकात घेऊ नका, असे मी आधीच सांगितले होते.” तो एकटा विसरला होता, मी मात्र सर्व जातीच्या वतीने विसरलो होतो! पुढच्या वर्षी मी एक सामान्य भाषण केले, आणि एका दयाळू पाहुण्याने ‘हरिजन बालक’ म्हणून मला वेगळे बक्षीस दिले. खरे सांगतो, गुरुजींचे बोलणे मी कधीच विसरून गेलो असतो, परंतु ते बक्षीस अजून खुपते. माझे भाषण कसे झाले, हे त्या दोन वर्षांत मला कोणीच सांगितले नाही.

आपल्यापैकी ज्यांनी कचेरीत पहिली नोकरी धरली, ज्यांच्या मुली घराण्यातून प्रथम महाविद्यालयात गेल्या, त्यांना हे ओझे ठाऊक आहे. चूक एकाची, आणि दोष सगळ्यांच्या माथी. ज्याला एकट्याने चुकण्याची, आपटण्याची आणि पुन्हा उठण्याची मुभा नाही, त्याला समता मिळाली असे मी म्हणणार नाही, मग कायद्याने काहीही लिहिलेले असो.

कायद्याने मात्र पुष्कळ लिहिले आहे, आणि ते आपल्या अभिमानाचे आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यासाठी न्यायमूर्तींनी आधार घेतला तो संविधानाच्या १४, १५, १६, १९ आणि २१ या अनुच्छेदांचा, म्हणजे ज्या मसुद्यासाठी बाबासाहेबांनी आपला देह झिजवला त्यातीलच कलमांचा. अस्पृश्यतेच्या अनुभवातून जे शब्द तावूनसुलाखून निघाले ते दुसऱ्या एका बहिष्कृत समाजाच्या उपयोगी पडले. आपल्या वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या तृतीयपंथीयांविषयी आपल्याच घरात जे बोलले जाते ते आठवून मला हे सांगताना थोडी शरमही वाटते.

अमेरिकेत याच्या उलटेही घडले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमा येथे नायला रोझ एका स्त्री-मल्लाशी लढल्या. त्यावर त्या राज्याच्या क्रीडा आयोगाने, पुरुषाने स्त्रीशी लढू नये या नियमावर बोट ठेवून, कंपनीला ताकीद दिली. खऱ्या चढाओढीच्या खेळात कोणी कोणाशी लढावे यावर वाद होऊ शकतो, आणि तो विचाराने व्हावा. परंतु ज्या खेळात जय-पराजय कागदावर आधीच लिहिलेला असतो तेथे बळाच्या न्याय-अन्यायाचा प्रश्न कोठून आला? रामलीलेतील रावणाचे वजन जास्त म्हणून कोणी रामावर अन्याय झाल्याची तक्रार करीत नाही. आयोगाला चिंता होती ती खेळाची नव्हती, एवढेच यातून मला दिसते.

त्या संध्याकाळी मी नातीला एवढेच म्हणालो की, ओरडणाऱ्यांकडे नीट कान देऊन ऐक. ते मल्लाने काय केले त्यावर ओरडतात, की मल्ल कोण आहे त्यावर? तिने कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आम्ही दोघे ऐकत बसलो. काही आवाज कळले, काही कळले नाहीत. तेवढ्यात नायला रोझ यांनी पंचाची नजर चुकवून रिंगणाखालून टेबल ओढून काढले. “आजोबा, आता?” नातीने विचारले. “आता ओरड,” मी म्हणालो, आणि मीही ओरडलो. आतून तिची आजी हातातले लाटणे तसेच घेऊन धावत बाहेर आली.