अढळ नावे, गावाला धरून राहिलेली आडनावे

ध्रुव म्हणजे न ढळणारा. अच्युत हे विष्णूचे नाव. ज्याचे पतन होत नाही तो अच्युत. युधिष्ठिर या नावात तर ‘युद्धात स्थिर’ हा अर्थ उघडच दिसतो. शंकराला स्थाणू म्हणतात, म्हणजे खांबासारखा निश्चल. मुलींच्या धृती या नावामागे ‘धृ’, म्हणजे धारण करणे, हा धातू आहे. धीरज आणि धैर्यशील ही नावे त्याच अर्थाच्या जवळची.

आडनावांत गुणवाचक शब्द कमी आढळतात. गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांत स्थैर्य दिसते ते गावाच्या नावात: मांद्रेकर, हरमलकर, कोरगांवकर, धारगळकर, मयेकर, सांखळकर. माणूस गाव सोडतो, आडनाव गाव सोडत नाही. गोव्याचे माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. आडनावात मात्र शेजारचे पार्से आहे. ही आडनावे अनेकदा स्थलांतराची खूण ठरतात.

नार्वेकर या आडनावामागचे गावच हललेले दिसते. पोर्तुगीज राजवटीत सप्तकोटेश्वराच्या देवळाचे स्थान दिवाडी बेटावरील नार्व्यातून नदीपलीकडे डिचोलीत आले, आणि तेथेही नार्वे हेच नाव रुजले. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करविला. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याचे आडनाव मात्र गावावरून नव्हे, अधिकारावरून आले आहे.