शिकविण्यास आलेले विद्यार्थी



आपण बरकतपुऱ्यात जमलो आहोत. जवळच्या काचीगुडा स्थानकावरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून जातो. त्या जालन्यानजीक, निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण. राज्य मुसलमान अधिपतीचे, मिशन स्कॉटलंडचे, अनुयायी बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील आणि भाषा मराठी! धर्मप्रसाराच्या इतिहासात भाषेचे स्थान काय, हा आजचा माझा विषय या एका गावातही सामावलेला आहे.

परधर्मीय उपदेशक शिकविण्यास आले, हे खरे. परंतु प्रथम त्यांना शिकावे लागले. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट आणि ओवी स्वीकारून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली कोश प्रसिद्ध केला; त्यामागे वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. गुरूचे नाव मागे राहिले आणि शिष्याचे पुढे आले, हेही नमूद करावयास हवे. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले आणि विधवांच्या दुःखाला कादंबरीत स्थान मिळाले.

या कार्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ज्या गोव्यात स्टीफन्स यांनी देशी भाषेची थोरवी गाइली, त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने कोंकणीच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. उपदेशकाने जोडलेली भाषा सत्तेने तोडू पाहिली. धर्मांतराने घरेही दुभंगली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, मात्र ते सांगताना त्यांची विनोदबुद्धी ढळत नाही. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात, सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत बायबल उतरविले.

यांतील कोणाची श्रद्धा आपण स्वीकारावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु हे सारे वाङ्मय ‘मिशनऱ्यांचे’ म्हणून वेगळ्या कपाटात ठेवले, तर कपाट त्यांचे होते आणि उणीव आपल्या मराठीची.

मित्रहो, १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा या नगरीपासून वेगळा झाला आणि येथील मराठी माणूस तेलुगू व उर्दूच्या शेजारात उरला. शेजाऱ्याच्या अंतःकरणात प्रवेश करावयाचा, तर त्याच्या भाषेच्या उंबरठ्यावर नम्रपणे वाकावे लागते, हे स्टीफन्सनी ओळखले होते. मुंबईपुण्याकडे डोळे लावून बसलेल्या आपण तेलुगूचे किती ग्रंथ मराठीत आणले? एखाद्या उर्दू कवीला आपल्या व्यासपीठावर किती वेळा बोलाविले? परमुलखातील ग्रंथालयाने शंभरी गाठताना हा प्रश्न स्वतःला विचारावा. पुढच्या शतकात त्याचे उत्तर याच कपाटांतून मिळो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.