फळा पुसायला शिकले
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘उपक्रमशील शिक्षिका’ अशी करून दिली. त्या ओळखीत माझं पहिलं वर्ष येत नाही, म्हणून आज तेच सांगते.

२००६ साली मी शिक्षण सेवक म्हणून डोंगरातल्या एका वाडीवर रुजू झाले. मानधन महिना तीन हजार, मुदत तीन वर्षांची. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. मुख्याध्यापक बैठकीसाठी तालुक्याला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. पहिलीची रडारड, चौथीचा भागाकार, मध्येच खिचडीचा तांदूळ मुलामागे शंभर ग्रॅमप्रमाणे मोजून द्यायचा आणि त्याची नोंद करायची. डी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकले होते, पण हे नवीनच होतं. रात्री झोप लागेना. सकाळी एस.टी.त बसलं की पोटात गोळा यायचा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी दुसरीतल्या एका मुलाला मारलं. तीनदा विचारूनही तो गप्प राहिला, एवढंच कारण. दोन दिवस तो आला नाही, म्हणून मी घरी गेले. आजी म्हणाली, “बाई, त्याला एका कानानं कमी ऐकू येतं.” दोन महिने तो माझ्या वर्गात होता आणि मला हे ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी राजीनामा लिहून मी या शाळेतल्या माझ्या बाईंकडे गेले. बाई आज समोरच बसल्या आहेत. त्यांनी कागद वाचला, चहा टाकला आणि विचारलं, “चारही वर्गांना एकदम शिकवतेस का गं?” मी मान डोलावली. “मग दमणारच. एका वर्गाला शिकव, तिघांना काम दे. चौथीच्या मुलांना पहिलीजवळ बसव. नोंदी शाळेतच संपव, घरी नेऊ नकोस. आणि राग आला की पाठ फिरव, फळा पूस. फळा स्वच्छ असला तरी पूस.”

सोमवारी त्या मुलाला मी पुढच्या बाकावर, त्याचा चांगला कान माझ्याकडे येईल असं बसवलं. “माझं चुकलं,” असं सगळ्या वर्गासमोर म्हणाले. तो पुढे छान वाचू लागला. पण मी जवळ गेले की त्याचा खांदा आकसायचा. चौथीपर्यंत ते गेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षेला बंदी आली, तेव्हा मला तो खांदा आठवला.

इथे नुकतेच शिक्षक झालेले काही जण आहेत. त्यांना एवढंच सांगते, ताण येणारच. तो मनात साठू देऊ नका, कारण तो शेवटी सगळ्यात लहान मुलावर निघतो. आपल्या जुन्या शिक्षकांचं दार वाजवा.

बाई, तो राजीनामा तुम्ही परत दिलाच नाहीत. राहू दे तुमच्याकडेच.